संक्रमणावर एकाच खेळाडूचे नियंत्रण असलेल्या स्टोकॅस्टिक खेळाचा समतोल कसा काढावा?

पाषाणकर (प्रश्न) :
नमस्कार. प्रबंधासाठी मी भोसरीतील एका लहान कारखान्याच्या यंत्राचे प्रारूप स्टोकॅस्टिक खेळ म्हणून मांडले आहे, म्हणजे असा खेळ जो टप्प्याटप्प्याने चालतो आणि ज्याची पुढची अवस्था संभाव्यतेने ठरते. मला त्याचा समतोल हवा आहे, म्हणजे धोरणांची अशी जोडी की एकट्याने धोरण बदलून कोणाचाच फायदा होत नाही. झिजेच्या १० पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर मालक यंत्र जोरात चालवतो, बेताने चालवतो किंवा दुरुस्तीसाठी थांबवतो, आणि त्याच वेळी ग्राहकाचा निरीक्षक मालाची तपासणी करायची की नाही हे ठरवतो. पुढची पायरी कोणती येणार याची संभाव्यता, म्हणजेच संक्रमण, फक्त मालकाच्या निवडीवर अवलंबून आहे. निरीक्षकाच्या निवडीने दोघांचा नफा-तोटा बदलतो, परंतु एकाचा तोटा म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच नफा, असे नाही.

मालकाची सर्व शुद्ध धोरणे (प्रत्येक पायरीवर एक ठरलेली निवड) लिहून काढली तर ती ५९,०४९ होतात आणि निरीक्षकाची १,०२४, म्हणजे मॅट्रिक्समध्ये सहा कोटींहून अधिक जोड्या. माझ्या लॅपटॉपने तिथेच हात टेकले. शिवाय मालकाचा डिस्काउंट गुणक (पुढच्या टप्प्यावरचा लाभ आज किती पट धरायचा तो आकडा) ०.९५ आणि ग्राहकाचा ०.९० असल्यामुळे कोणते सूत्र लागू पडेल तेच कळत नाही.

धायरीकर :
एवढी मोठी मॅट्रिक्स लागतच नाही. पार्थसारथी आणि राघवन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की संक्रमण एकाच खेळाडूच्या हाती असेल, तर डिस्काउंट असलेला शून्य-बेरीज खेळ (एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा) एका लिनिअर प्रोग्रॅमने, म्हणजे रेषीय अटींखाली रेषीय राशी किमान किंवा कमाल करण्याच्या प्रश्नाने, सुटतो. प्रत्येक पायरीचे मूल्य आणि निरीक्षकाच्या संभाव्यता ही चले घ्यावीत. मालकाच्या प्रत्येक निवडीसाठी, त्या पायरीचे मूल्य हे तात्कालिक अपेक्षित लाभ आणि पुढील मूल्याचा डिस्काउंट केलेला भाग यांच्या बेरजेपेक्षा कमी नसावे अशी अट घालावी, आणि मूल्यांची बेरीज किमान करावी. निरीक्षकाची संभाव्यता संक्रमणाला गुणत नाही, म्हणूनच अटी रेषीय राहतात. दोघांचेही नियंत्रण असते तर दोन चलांचा गुणाकार आला असता, आणि सर्व आकडे परिमेय असूनही उत्तर अपरिमेय निघू शकले असते.

चिकित्सक :
धायरीकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नाही. तो प्रोग्रॅम मालकाच्या लाभावर चालवला, तर त्यातला निरीक्षक मालकाचे जास्तीत जास्त नुकसान करू पाहतो. प्रत्यक्षातला निरीक्षक स्वतःचा खर्च पाहतो. त्याआधी दोन गोष्टी विचारतो. तपासणीत दोष सापडला तर यंत्र बंद ठेवले जाते का? आणि झीज किती झाली आहे हे निरीक्षकाला दिसते का?

पाषाणकर :
यंत्र बंद होत नाही, फक्त तो माल परत जातो. झीज मी यंत्राच्या तासमापकावरून धरली आहे आणि तो दोघांनाही दिसतो.

चिकित्सक :
मग हा एकाच नियंत्रकाचा खेळ आहे. तपासणीमुळे यंत्र थांबत असते, तर संक्रमणात निरीक्षकाचाही हात आला असता आणि पुढचे सगळे कोसळले असते.

धोरणे मोजण्याऐवजी मालकाचे वास्तव्य मोजावे, म्हणजे कोणत्या पायरीवर कोणती निवड, डिस्काउंट धरून, एकूण किती वेळा होते ते. ही ३० चले होतात आणि ती १० रेषीय समीकरणांनी बांधलेली असतात. निरीक्षकाच्या संभाव्यता २०. दोघांच्या इष्टतमतेच्या अटी एकत्र लिहिल्या आणि दोघांची प्रत्येक पायरीवरची मूल्ये घेतली, की ७० चलांचा लिनिअर कॉम्प्लिमेंटॅरिटी प्रश्न (रेषीय अटींच्या जोड्या, ज्यांत प्रत्येक जोडीतील एक राशी शून्य असावी लागते) तयार होतो. तो लेमके यांच्या पद्धतीने, म्हणजे अशा प्रश्नांसाठीच्या पायरीपायरीने चालणाऱ्या गणनपद्धतीने, सोडवता येतो. आरंभीच्या वितरणात प्रत्येक पायरीला धन वजन द्यावे, म्हणजे कोणत्याही पायरीचे वास्तव्य शून्य होत नाही आणि भागाकार करून मालकाचे धोरण सरळ वाचता येते. सर्वात वाईट परिस्थितीत या पद्धतीच्या गणनेच्या पायऱ्यांची संख्या घातांकी होऊ शकते, कारण एकाच अवस्थेचा (इथे एकाच झीज-पायरीचा) खेळ म्हणजे साधा द्विमॅट्रिक्स खेळच (दोघांच्या लाभांचे दोन तक्ते) आणि त्याचा समतोल काढणे पीपीएडी-पूर्ण आहे, म्हणजे त्यासाठी जलद पद्धत नसावी असे मानले जाते. ७० चलांना मात्र त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता डिस्काउंटविषयी. मला या प्रश्नातला सर्वात रंजक भाग हाच वाटला. निरीक्षकाला यंत्राचे भवितव्य बदलता येत नाही, म्हणून मालकाचे स्थिर धोरण (निवड फक्त सध्याच्या पायरीवरून ठरते, आधीच्या घडामोडींवरून नाही) दिलेले असताना त्याने प्रत्येक पायरीवर केवळ त्या क्षणाचा लाभ पाहावा; पुढच्या लाभाला तो ०.९० ने गुणो वा ०.५० ने, त्याची निवड तीच राहते. वास्तव्य काढताना फक्त मालकाचा ०.९५ वापरावा.

धायरीकर :
माझी घाई झाली, मान्य. पण दीर्घकालीन सरासरी घ्यायची झाल्यास स्थिर धोरणे पुरतील का? जिलेट यांच्या १९५७ च्या ‘बिग मॅच’ या प्रसिद्ध उदाहरण-खेळात ती पुरत नाहीत.

चिकित्सक :
‘बिग मॅच’ या वर्गात बसत नाही. तिथे खेळ कधी थांबवायचा हे एक खेळाडू ठरवतो, पण थांबल्यावर कोणत्या अवस्थेत अडकायचे हे दुसऱ्याच्या निवडीवरही अवलंबून असते. संक्रमण खरोखर एकाच्याच हाती असेल, तर शून्य-बेरीज खेळात सरासरीसाठीही स्थिर धोरणे पुरतात. मात्र क्षणिक अवस्थांचे (ज्या शेवटी कायमच्या मागे पडतात त्यांचे) वास्तव्य तिथे शून्य होते, त्यामुळे त्यांच्यासाठी चलांचा आणखी एक संच घ्यावा लागतो.

पाषाणकर :
मनःपूर्वक आभार. धोरणांच्या समीकरणांतून ०.९० काढून टाकला आहे. ग्राहकाचा एकूण खर्च काढतानाच तो आता येतो. वेगवेगळ्या आरंभांनी मात्र दोन निरनिराळे समतोल हाती आले आहेत.

चिकित्सक :
तसे होणे स्वाभाविक आहे. शून्य-बेरीज खेळाप्रमाणे इथे मूल्य एकच असेल याची हमी नाही. प्रबंधात दोन्ही द्यावेत आणि प्रत्येक पायरीवर मालकाचा व निरीक्षकाचा लाभ किती ते शेजारी लिहावे.