इंग्लंडमध्ये अर्धवेळ घोडेस्वारी शिकवण्यासाठी पात्रता कशी मिळवावी?

प्रश्न

नमस्कार. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी विभागात मी घोडेस्वारी शिकले आणि सध्या कव्हेंट्रीजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये नियमितपणे स्वारी करते. ऑफिसची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लहान मुलांना शिकवावे, अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात आणि जुन्या अनुभवाचा कितपत उपयोग होतो? माझा व्हिसा पतीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर अवलंबून आहे.

प्रतिसाद १

रायडिंग स्कूल चालवणारे लोक प्रामुख्याने ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या, म्हणजे बीएचएसच्या परीक्षा मानतात. स्टेज १ मध्ये घोड्याची निगा आणि स्वारी असते, स्टेज २ पासून त्यात लंजिंग (घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे) आणि शिकवणे यांची भर पडते, आणि स्टेज ३ झाल्यावर प्रशिक्षक म्हणून खरे वजन येते. हे भाग सुटेसुटे देता येत असल्यामुळे नोकरदार माणसाला ही वाट सोयीची आहे. खरारा करणे, खोगीर चढवणे, तबेला साफ ठेवणे यांची सवय असलेल्या हातांना स्टेज १ जड जाऊ नये. मात्र येथील पद्धती आणि शब्द नव्याने अंगवळणी पाडावे लागतील.

प्रतिसाद २

मी काही वर्षे शनिवारचे वर्ग घेत आहे. चांगला स्वार आपोआप चांगला शिक्षक होत नाही, म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्याआधी आपल्याच स्कूलमध्ये मदतनीस म्हणून उभे राहण्याची परवानगी मागावी, असे मी आग्रहाने सांगेन. नवखे मूल तोल जाताच लगाम ओढते आणि तो हिसका थेट घोड्याच्या तोंडाला बसतो. अशा वेळी ओरडण्याऐवजी मानेवरचा पट्टा धरायला सांगणे, आणि तेही मूल घाबरण्याआधी, हे पाहून पाहूनच जमते. तंगाचेही, म्हणजे खोगीर घट्ट धरणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याचेही, तसेच आहे. पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, त्यामुळे मूल बसण्यापूर्वी आणि थोडे चालवल्यानंतर पुन्हा तो तपासावाच लागतो. चार मुले एका रिंगणात असताना दोन घोड्यांमधले अंतर राखणे आणि सर्वांना दिसेल, ऐकू येईल अशा जागी उभे राहणे, यावर परीक्षकांचे बारीक लक्ष असते.

प्रतिसाद ३

वरील सल्ला योग्यच आहे, पण खर्च करण्यापूर्वी व्हिसाची अट वाचावी. अवलंबितांना बहुतेक सर्व कामे करता येतात. व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करणे मात्र वर्ज्य आहे आणि त्यात क्रीडा प्रशिक्षकाचाही उल्लेख आहे. शनिवारी मुलांना शिकवणे त्या व्याख्येत बसते की नाही, हे इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी विचारून घेणेच शहाणपणाचे ठरेल. परीक्षांची तयारी तोपर्यंत चालू ठेवता येईल.

बीएचएसच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकांमध्ये नाव नोंदवायचे असेल, तर प्रथमोपचार, मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण, डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी) आणि विमा हे सर्व हवे. घोडे भाड्याने देणाऱ्या स्कूलला 2018 च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घोड्यावर शिकवणाऱ्याला त्या परवान्याची गरज नसते, पण स्कूलचा विमा आपल्याला तेथे लागू नसल्यामुळे स्वतःचा दायित्व विमा घेतल्याशिवाय एकही धडा देऊ नये.