किनारा झाडून मायक्रोप्लास्टिक जात नाही

खाडीकाठ: परवा इथेच एकाने लिहिलं, "दर रविवारी शंभर जण किनारा साफ करायला आले तर मायक्रोप्लास्टिकचा प्रश्नच उरणार नाही." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. बाटल्या-पिशव्या उचलाल हो, पण मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडा, तो वाळूतून कसा वेचणार? मे 2025 मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा 3 जहाज बुडालं आणि प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे केरळच्या किनाऱ्यावर येऊन पडले. ते काय टुरिस्टने टाकले? आणि ताटात येतं ते वेगळंच. आपण सुरमईचं पोट साफ करतो, पण जवळा, तिसऱ्या, कालवं पोटासकट खातो. शिंपल्या पाणी गाळूनच जगतात, पाण्यातले बारीक कणही त्यांच्यात जातात.

मालवणकर: म्हणजे सफाई बंद करायची का? पिशवी उन्हात पडली की तिचेच तुकडे होतात, आज उचलली तर तेवढं तरी वाचलं. आम्ही वाकून वाकून कंबर मोडून घेतो आणि लोक घरी बसून चुका काढतात.

खाडीकाठ: उचला ना, नको कोण म्हणतंय. "प्रश्नच उरणार नाही" हे खोटं आहे एवढंच. नायलॉनच्या फाटक्या जाळ्या, दोर हे तर बंदरावरूनच जातं.

मालवणकर: आलात शेवटी मच्छीमारांवर! जाळं गेलं की नुकसान आमचं, मुद्दाम कोण टाकेल? ट्रॉलरवाले रात्री येऊन आमची जाळी तोडून नेतात त्यावर कधी लिहिलंत?

जुन्नरचा_शेतकरी: सगळे समुद्रावरच अडकलेत. आमच्याकडे या, मल्चिंग पेपर बघा, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरायचं प्लास्टिक. टोमॅटो संपला की पेपर काढायला मजूर मिळत नाही, पातळ पेपरच्या हातातच चिंध्या होतात, मग रोटाव्हेटर फिरतो आणि सगळं मातीत. माझ्या वावरात ढेकूळ फोडलं तरी आत चंदेरी कपटे निघतात.

अनघा: मग वापरताच कशाला?

जुन्नरचा_शेतकरी: ताई, खुरपणीची मजुरी तुम्ही देता का? पाणी वाचतं, तण येत नाही म्हणून वापरतो. तुमचे पॉलिएस्टरचे कुर्ते मशीनमध्ये धुतले की त्याचे धागे गटारातून कुठे जातात ते आधी सांगा, मग आम्हाला शिकवा.

अनघा: शिकवत नाहीये, माझं माहेर शेतीतलंच आहे. बाबांनी जाड पेपर आणला, सगळा गोळा केला, पण माती लागलेला पेपर भंगारवाला घेईना, शेवटी बांधावर जाळला. तो धूर मी बघितलाय. विकणाऱ्यानेच परत न्यायला पाहिजे, तशी सक्ती हवी.

जुन्नरचा_शेतकरी: हे मात्र बरोबर बोललात. बाकीचं नाही.

विज्ञानवेडा: जरा दमानं घ्या. मातीतल्या प्लास्टिकने गांडुळांची वाढ खुंटते वगैरे सांगणारे प्रयोग बरेचसे लॅबमध्ये भरपूर प्लास्टिक घालून केलेले असतात, शेतात तेवढं असतंच असं नाही.

खाडीकाठ: लॅब सोडा, ओढ्यातलं घ्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की कोहो साल्मन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे, वर्षानुवर्षं कारण कळेना. 2020 मध्ये कळलं, टायरच्या झिजेतून येणारं रसायन. आपल्या घाटातल्या ओढ्यांत काय उतरतं ते कोण तपासतंय?

विज्ञानवेडा: ते उदाहरण पक्कं आहे, मानलं. पण ते त्या एका रसायनाचं, सगळ्या प्लास्टिकला लावू नका.

मालवणकर: तुमचं चालू द्या. पेपर परत घ्यायचा तर फाटकी जाळीही बंदरावर विकत घ्या की, वजनावर पैसे द्या, एक तुकडा पाण्यात जाणार नाही. तोवर रविवारी मी किनाऱ्यावर जाणार, कोणी काही म्हणा.