विज्ञानकथेचे ऑडिओबुक : निवेदक की अभिवाचक?

ऑडिओबुकासाठी पुस्तक वाचणाऱ्या व्यक्तीला सर्रास ‘निवेदक’ म्हटले जाते. या शब्दाला माझा आक्षेप आहे आणि विज्ञानकथा ऐकताना तो मला विशेष तीव्रतेने जाणवतो. साहित्यचर्चेत ‘निवेदक’ ही संज्ञा आधीच रूढ आहे. कथा ज्याच्या तोंडून सांगितली जाते तो निवेदक, म्हणूनच आपण ‘प्रथमपुरुषी निवेदन’ असे म्हणतो. आता अशी कादंबरी घ्या, जिची सगळी हकीकत अंतराळयानावरचा संगणक सांगतो आहे. ती ऐकून कोणी ‘निवेदक भावनाशून्य वाटला’ असा अभिप्राय दिला, तर ती लेखकाच्या पात्ररचनेची वाखाणणी समजायची की वाचणाऱ्याविषयीची तक्रार? एकाच शब्दाने दोन माणसांचे काम दाखवले की असा घोटाळा अटळ आहे.

माझ्या मते येथे ‘अभिवाचक’ हाच शब्द योजावा. ‘अभि’ या उपसर्गात ‘च्या दिशेने, समोर’ असा अर्थ आहे; म्हणजे समोरच्याला उद्देशून केलेले वाचन ते अभिवाचन. शिवाय ‘वाचणे’ या क्रियापदातच आवाज दडलेला आहे. त्याच्या मुळाशी ‘वाच्’, म्हणजे वाणी, असून संस्कृतातील ‘वाचयति’ हे प्रयोजक रूप आहे : बोलायला लावतो, मजकुराला बोलते करतो.

हे बोलते करणे किती जबाबदारीचे असते, ते विज्ञानकथेत फार स्पष्ट दिसते. समजा, लेखकाने एका ग्रहाचे नाव ‘चारवी’ ठेवले. त्यातला ‘च’ हा ‘चार’मधला की ‘चारा’मधला? देवनागरीत दोन्ही उच्चारांना अक्षर एकच असल्यामुळे डोळ्यांनी वाचणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही तरी चालते. अभिवाचकाला मात्र निर्णय घ्यावाच लागतो आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तो पाळावा लागतो. असेच एक नाव मध्येच वेगळ्या उच्चाराने आल्यामुळे कथेत दोन ग्रह आहेत, अशा समजुतीत मी बराच भाग ऐकला होता. पाने मागे उलटून अक्षरे ताडून पाहण्याची सोय श्रोत्याला नसते. परिचित शब्द चुकला तर कान तो सुधारून घेतो, पण कल्पित शब्दाला अभिवाचकाच्या उच्चाराखेरीज दुसरा आधारच नसतो.

प्रतिसाद : आपला मुद्दा पटतो, परंतु ‘अभिवाचन’ म्हटले की रंगमंचावर बसून चार-पाच जणांनी केलेले नाटकाचे वाचन डोळ्यांसमोर येते. एकट्याने शांतपणे वाचलेल्या कादंबरीला हा शब्द जड होत नाही का?

मूळ लेखक : शंका रास्त आहे. तरीही वाचणाऱ्यांची संख्या हा अभिवाचनाचा निकष नव्हे, असे मला वाटते. मी एक साधी खूण पाहतो : ‘तो म्हणाला’, ‘ती उत्तरली’ हे शब्द ऐकू येतात का? येत असतील तर लेखकाचा मजकूर अखंड आहे आणि ते अभिवाचन आहे, मग ते एकाने केलेले असो वा अनेकांनी. हे शब्द गाळून पात्रांना वेगवेगळे आवाज दिले, दारांचे आणि इंजिनांचे ध्वनी भरले, की ती श्रुतिका झाली. विज्ञानकथेत हा दुसरा मोह फार होतो. मला स्वतःला तो रुचत नाही, कारण निर्वात अवकाशात ध्वनी प्रवास करू शकत नाही आणि यानाबाहेर तरंगणाऱ्या पात्राच्या प्रसंगात लेखकाने शब्दांनी उभी केलेली निःशब्दता पार्श्वध्वनीमुळे पार नाहीशी होते.

जाता जाता, ‘श्राव्य’ आणि ‘सुश्राव्य’ यांचीही गल्लत टाळावी. ऐकता येण्याजोगे ते श्राव्य, कानाला गोड वाटणारे ते सुश्राव्य. त्यामुळे प्रत्येक ऑडिओबुक श्राव्य असले, तरी सुश्राव्य असेलच असे नाही.

प्रतिसाद : मग संगणकाने तयार केलेल्या आवाजात पुस्तक ऐकले, तर त्यालाही अभिवाचन म्हणावे का?

मूळ लेखक : मी म्हणणार नाही. मजकूर बोलता होतो, त्यामुळे ‘वाचन’ म्हणायला हरकत नाही. ‘यंत्रवाचन’ हा शब्द मला सुटसुटीत वाटतो. ‘अभि’ मात्र तेथे लागू पडत नाही, कारण श्रोता कोठे अडखळेल याची काळजी करून ‘चारवी’ हे नाव पहिल्यांदा येते तेथे किंचित थांबणारे कोणी त्या आवाजामागे नसते.