मदत हवी आहे : निम्म्या किमतीत मिळणारी वापरलेली सिंगल-शॉट रायफल घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

शिकारीसाठी वापरलेली एक रुगर नंबर वन (एका वेळी एकच काडतूस भरता येणारी रायफल) मला बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत आहे. कागदपत्रे रीतसर आहेत. खटकते ती स्वस्ताईच. १९६७ मध्ये बाजारात आलेल्या या मॉडेलचा फॉलिंग ब्लॉक (नळीचे मागचे तोंड बंद करणारा, खाली सरकणारा ठोकळा) भक्कम समजला जातो आणि लिव्हर ओढल्यावर तो न अडखळता खाली येतो, त्यामुळे तिथे मला शंका नाही.

चिंता नळीची आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून मागून प्रकाशात पाहिले, तेव्हा चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) किंचित पुढे, जिथे रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, सुरू होते तिथे, काळसर ठिपके दिसले. ती साचलेली काजळी आहे की गंजाने पडलेले खड्डे, हे साफ केल्याशिवाय कळणार नाही, आणि विक्रेता तर साफ करू द्यायलाच राजी नाही (यातच काय ते आले, असे घरच्यांचे मत). शिवाय पुढच्या लाकडी भागाच्या स्क्रूची खाच पार खरवडलेली आहे. या रायफलमध्ये त्या लाकडाचा दाब बदलला की नेमही बदलू शकतो, म्हणून आधीच्या मालकाने त्यावरच खटपट केली असावी, असा माझा तर्क आहे.

खड्डे उथळ असतील तर अचूकतेवर कितपत परिणाम होतो? व्यवहारापूर्वी जाणकार कारागिराकडून हेडस्पेस गेजने (काडतूस चेंबरमध्ये योग्य अंतरावर बसते का, हे पाहण्याच्या मापाने) तपासणी करून घेण्याचा आग्रह धरणे वावगे ठरेल का? आणि पुढे नळीच बदलावी लागली, तर वाचलेले पैसे त्यातच जातील का? ज्यांनी अशी रायफल वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.