३२ फुटी बोटीला आऊटबोर्ड? माझं मत: नको

शाफ्टवाला, दिवाळे

जुनं दोन सिलिंडरचं डिझेल दमलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो, "काढून टाक, मागे आऊटबोर्ड लाव." आऊटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन. २० फुटी होडीला ते ठीक आहे. इथे विषय आहे ३२ फूट लांब, साडेआठ फूट रुंद फायबर बोटीचा. दिवाळ्याहून निघायचं, ठाणे खाडीच्या तोंडाकडे जाळी मारायची, त्याच दिवशी परत. बर्फ, जाळी, चार माणसं आणि मासळी धरून दोन टन तरी वजन. अशा बोटीला आऊटबोर्ड म्हणजे बैलगाडीला स्कूटरचं चाक.

कारण पंखा. पाण्याच्या रेषेवर २९ फूट लांबी असलेली जड बोट साधारण ७.२ नॉटला (तासाला ७.२ सागरी मैल) अडते (२९ चं वर्गमूळ गुणिले १.३४). त्यापुढे कितीही घोडे (हॉर्सपॉवर) जोडा, बोट नाळ (पुढचं टोक) वर करून स्वतःच्याच लाटेवर चढत राहते. आता १३ इंच पिचचा आऊटबोर्ड पंखा घ्या. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे जातो ते अंतर. इंजिन ५००० फेरे, गिअर २:१, म्हणजे पंखा २५००. कागदावर वेग येतो जवळजवळ २७ नॉट, बोट जाते ७ ला. म्हणजे पंख्याचं तीन चतुर्थांश काम पाणी घुसळण्यात गेलं. बोटीच्या आत बसवून शाफ्टने (लांब दांड्याने) पंखा फिरवणाऱ्या डिझेलचं बघा: १८०० फेरे, ३:१ रिडक्शन, पंखा ६०० फेऱ्यांवर, २४ इंची आणि १६ पिच. कागदावर ७.९ नॉट, प्रत्यक्षात साडेसहा. स्लिप, म्हणजे वाया गेलेला वेग, १८ टक्के.

तेलाचा हिशेबही तसाच. एका घोड्याला तासाला डिझेल साधारण ०.२१ लिटर, फोर-स्ट्रोक पेट्रोल ०.३१ आणि कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक ०.४५ च्या आसपास. २० घोडे सहा तास ओढले तर अनुक्रमे २५, ३७ आणि ५४ लिटर. शिवाय डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, आणि पेट्रोल मुळातच महाग. बाकी तुम्हीच सांगा.

भरती_ओहोटी, करावे

शाफ्टवाले दादा, हिशेब बरोबर, पण तो पाणी असल्यावरचा आहे. आपल्या खाडीत पाणी कायम असतं का?

उधाणाला इकडे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटी लागली की करावे, सारसोळे, वाशीगाव इथल्या आतल्या नाळ्यांत (पाण्याच्या अरुंद वाटांत) चिखल उघडा पडतो. २४ इंची पंखा आणि त्याखाली सुकाणूची टाच असलेल्या बोटीला तीन फूट पाणी हवंच. आऊटबोर्ड वर उचललं की दीड-पावणेदोन फुटांत बोट सरकते. जेट्टीला लागायची वेळ हुकली तर पुढचे पाच-सहा तास बोट बाहेर नांगरून बसते, बर्फ वितळतो आणि पहाटेचा लिलाव निघून जातो. हा तोटा डिझेल आणि फोर-स्ट्रोकमधल्या १२ लिटर तेलाच्या हिशेबात कुठे धरलात?

दुसरं, तुमचा १३ पिच खोगीरभरती आहे. जड बोटीला ९ पिचचा चार पात्यांचा पंखा लावतात. कागदावर साडेअठरा नॉट येतो. स्लिप राहते, मान्य, पण इंजिन गुदमरत नाही. पूर्ण रेस देऊन टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) बघायचा. पुस्तिकेत ५००० ते ५५०० लिहिलं असेल आणि काटा ४२०० वरच अडला, तर पंखा भारी आहे. पिच एक इंच उतरवला की १५० ते २०० फेरे वाढतात. हे न बघता शोरूममधून आला तोच पंखा ठेवायचा आणि वर्षभराने पिस्टन गेला म्हणून आऊटबोर्डला शिव्या घालायच्या, असं चालतं.

तिसरं, पंख्यात जाळं किंवा प्लास्टिक अडकलं तर? आऊटबोर्ड उचला, सुरीने कापा, दहा मिनिटं. शाफ्टला माणूस पाण्यात उतरवावा लागतो, तोही ठाणे खाडीच्या पाण्यात.

मिस्त्री, ऐरोली

दोघांनी पंखा आणि खोली धरली, गाळ सोडला. आपल्या खाडीत इंजिन मरतं ते गाळाने.

आऊटबोर्डच्या पायात पाणी खेचणारा रबरी इम्पेलर असतो. गाळ म्हणजे त्याला कानशीच. स्वच्छ समुद्रात वर्षाला एक पुरतो, इथे १०० तासांनी उघडून बघा. पाती वाकडी बसली असतील, टोकं झिजली असतील किंवा बाहेरच्या स्टीलच्या कपाला चर पडले असतील, तर दोन्ही बदला. नुसता इम्पेलर बदलून चर पडलेला कप तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच. मागून पडणारी पाण्याची धार करंगळीएवढी हवी. ती बारीक झाली किंवा कोमट लागण्याऐवजी चटका देऊ लागली की इंजिन बंद करा आणि तारेने नळी साफ करा. परत आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. आत मीठ आणि गाळ मिळून सिमेंट होतं.

डिझेलला यावर कायमचा इलाज आहे: कील कूलिंग. पठाणाच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या, म्हणजे कीलच्या) बाजूने बाहेरून तांब्या-निकेलचा पाईप फिरवायचा आणि त्यात गोडं पाणी व कूलंट खेळवायचं. खाडीचं पाणी इंजिनात येतच नाही, मग गाळ काय करणार? पाईपवर शिंपले साचतात, बोट वर ओढली की खरवडायचे. फक्त एक भानगड. धुराड्यात पाणी सोडलेलं नसतं, त्यामुळे एक्झॉस्ट कोरडा आणि तापलेला राहतो. उष्णतारोधक कापड नीट गुंडाळलं नाही तर फायबरच्या बोटीत ते आगीला आमंत्रण आहे.

डिझेलवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. गाळ स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीच्या) रबरी बुशमध्ये शिरतो आणि शाफ्टला खाचा पाडतो. शाफ्ट हाताने वर-खाली हलवल्यावर खडखड वाजला तर बुश गेला. ग्लँड डोरीच्या (शाफ्टभोवती पाणी अडवायला भरायच्या दोरीच्या) चार कड्या कापून प्रत्येकीचा जोड वेगळ्या बाजूला ठेवायचा आणि शाफ्ट फिरताना मिनिटाला आठ-दहा थेंब गळू द्यायचे. गळती पूर्ण बंद होईपर्यंत नट आवळणारा माणूस शाफ्ट जाळतो.

टाकीतळ, बेलापूर

पेट्रोलबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आऊटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतून पाणी ओढतं, आणि बोटीच्या टाकीत हवा खारी आणि ओली. पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाला बसतात. टाकीतून ओढणारी नळी कुठे असते? तळालाच.

टू-स्ट्रोकला यात दुहेरी मार आहे. ५०:१ च्या हिशेबाने लिटरमागे २० मिली तेल मिसळलं तरी ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तळाच्या पाण्यात तेल नसतं. म्हणजे इंजिन थोडा वेळ बिनतेलाचं फिरतं, आणि सिलिंडर ओरबाडायला तेवढा वेळ पुरतो. वरून बघितलं तर तेल घातलेलं, डबा भरलेला. मग बदनाम होते कंपनी.

पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, डब्यात पेट्रोल ठेवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

भरती_ओहोटी, करावे

टाकीतळ, मुद्दा पक्का आहे, पण उपाय १५ मिनिटांचा आहे. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवा, दर आठवड्याला त्याची वाटी काढून काचेच्या बाटलीत ओता. खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करायची, वरचं गाळून वापरायचं नाही. बंदीच्या आधी नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. जुनी रबरी नळी इथेनॉलने फुगते, ती बदलून टाका. आणि फोर-स्ट्रोक घेतलं तर तेल मिसळायचा प्रश्नच मिटतो. डिझेलच्या टाकीत काय पाणी येत नाही? एकदा फिल्टरमधून हवा शिरली की भर समुद्रात पाना घेऊन इंजेक्टरच्या नळ्या सोडत बसा.

टाकीतळ, बेलापूर

हवा काढायला पाना लागतो, सिलिंडर बदलायला काय लागतं? आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाला साचते. त्याच बोटीत जेवणाचा स्टोव्ह पेटतो. पेट्रोलचे डबे निदान बोटीत असताना भरू नका. जेट्टीवर जमिनीला टेकवून भरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी टळते.

फायबर_मोल्ड, चेंदणी कोळीवाडा

इंजिन निवडण्याआधी बोटीकडे बघा ना. इनबोर्डसाठी (आत बसवायच्या इंजिनासाठी) घडवलेल्या बोटीच्या मध्यावरून साडेतीनशे-चारशे किलो लोखंड उचललंत आणि मागच्या फळीवर शंभर किलो टांगलंत, तर बोट नाळेने वर उठते आणि पाठ बसते. बाजूच्या लाटेला ती पूर्वीपेक्षा जास्त डोलते, कारण तळाचं वजन गेलं. बर्फाचं खण पुढे सरकवून काही अंशी जमतं, पण मग जाळं ओढायची जागा जाते.

त्याहून वाईट म्हणजे कील. जुन्या बोटीचा कील शेवटपर्यंत जाड असतो. त्याच्या बरोबर मागे आऊटबोर्ड लावला की पंख्याला घुसळलेलं, हवा मिसळलेलं पाणी मिळतं. इंजिन अचानक किंचाळतं आणि ढकल बंद. मग लोक इंजिन आणखी खाली उतरवतात आणि लाट आली की पॉवरहेड (इंजिनाचा वरचा भाग) भिजतो. इंजिनाच्या पायावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. त्यासाठी फळीची उंची मोजून २० इंची की २५ इंची शाफ्ट ते ठरवा. दोन इंजिनं कीलच्या दोन्ही अंगांना लावली तर पाणी स्वच्छ मिळतं, पण खर्च दुप्पट. जुन्या फळीत नुसतं प्लायवूड असेल आणि आतून पाणी पिलेलं असेल, तर हातोडीने ठोकून आवाज ऐका. बदबद वाजली तर तिच्यावर इंजिन लटकवू नका.

नवी बोट आऊटबोर्डसाठीच हलकी, सपाट तळाची घडवली तर गोष्ट वेगळी. ती पाण्यावर उचलली जाते आणि ७.२ नॉटचा नियम तिथे लागत नाही.

डोलकर, उत्तन

आमच्याकडे चर्चाच नको. डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) ओढायला विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) लागते आणि ती इंजिनाच्या पुलीवर चालते. आऊटबोर्डचं चार्जिंग दिव्यांपुरतं. संपला विषय.

भरती_ओहोटी, करावे

डोलीला डिझेलच, कोण नाही म्हणतंय? इथे हाताने ओढायची जाळी आहेत.

शाफ्टवाला, दिवाळे

फायबर_मोल्ड यांचा मुद्दा माझ्या हिशेबापेक्षा भारी निघाला, कबूल. खोलीबद्दल करावेकरांचंही खरं आहे, पण तो प्रत्येक जेट्टीचा वेगळा प्रश्न आहे. दिवाळ्याची बोट बाहेरच नांगरत असेल आणि मासळी छोट्या होडीतून येत असेल, तर तीन फुटांची अडचण येतेच कुठे? डिझेल आऊटबोर्डही मिळतात असं कोणी लिहायच्या आत सांगतो: किंमत ऐका आणि गप्प बसा.

मिस्त्री, ऐरोली

मग भांडण सोडा आणि मोजा. बांबूवर अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या खुणा करा. अमावास्येच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगेला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा), पूर्ण ओहोटीत, जेट्टीपासून खोल पाण्यापर्यंत होडीने जाऊन दर ५० पावलांच्या अंतरावर खोली लिहून काढा. भांगेलाही वाटेत तीन फूट मिळत नसतील तर शाफ्ट बसवू नका. मिळत असतील आणि रोज पाच तासांवर इंजिन चालत असेल, तर डिझेल.

डिझेल बसवलंच तर अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) जमिनीवर करून पैसे घेणाऱ्याला सोडू नका. बोट पाण्यात तीन दिवस तरंगल्यावर कपलिंगचे (इंजिन-शाफ्टच्या जोडाचे) बोल्ट सैल करा, चार बाजूंना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पाच इंची कपलिंगला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा, नाहीतर ग्लँड दर महिन्याला गळेल आणि गिअरबॉक्सचं सील त्याच्यामागून जाईल. इंजिन नंबर बदलला की बोटीच्या नोंदणीतही बदलून घ्या, परताव्याचे कागद त्याच नंबरवर अडतात.