विषय: नेरूळचा फ्लॅट, अकरा महिन्यांचा करार आणि करकपात

सस्नेह नमस्कार मंडळी,

मी परदेशात असते, आणि आई गेल्यापासून माझा नेरूळचा फ्लॅट बंद आहे. आता एजंटने भाडेकरू आणला असून महिना ३०,००० रुपये भाडे आणि १ लाख रुपये अनामत ठरत आहे. एजंटच्या मते करार अकरा महिन्यांचाच असल्याने नोटरी पुरेशी आहे, आणि भाडे माझ्या धाकट्या भावाच्या खात्यात घेतले तर कराचा प्रश्नच येत नाही. मला हे पटत नाही. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

नेरूळची सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

एजंटच्या या दोन्ही गोष्टी कृपया मान्य करू नका.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज ठाण्यात आणि नवी मुंबईत इतका रुळलेला आहे की मीही त्यावर विसंबलो होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मला त्याहून गंभीर वाटते ती पुढची तरतूद: असा करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

माझ्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटची मुदत संपली, तेव्हा मी विमानतळावरून थेट तिथे गेलो. दाराबाहेर भाडेकरूच्या मुलांच्या शाळेच्या बुटांचे दोन जोड मांडलेले होते, आणि भाडेकरू शांतपणे म्हणाले, “आपले तीन वर्षांचे ठरले होते ना काका?” माझ्याकडे नोटरीचा शिक्का मारलेला एक कागद होता, आणि तोही नोंदणी नसलेला. अनामत पूर्ण परत करून, वर सामान हलवण्याचा खर्च देऊन, चौदा महिन्यांनी ताबा मिळाला. करार नोंदणीकृत असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता आला असता, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता आली असती.

खर्चही मोठा नाही. चोवीस महिन्यांचा करार केलात तर एकूण भाडे ७,२०,००० रुपये आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले २०,००० रुपये, अशा ७,४०,००० रुपयांवर पाव टक्का म्हणजे १,८५० रुपये मुद्रांक शुल्क येते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. तुम्हाला येणे शक्य नसेल तर भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि ही मुदत बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

आता कराविषयी. भाडे भावाच्या खात्यात गेले तरी उत्पन्न मालकाचे, म्हणजे तुमचेच राहते, म्हणून ते तुमच्या एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यातच घ्यावे. मालक अनिवासी असला की भाडे कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. तुमच्या बाबतीत महिना ९,३६० रुपये. भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष कर बराच कमी निघतो आणि जास्तीची रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते. तोपर्यंत थांबायचे नसेल तर आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचा दाखला आधीच घ्यावा.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पोलीस ठाण्यातील भाडेकरू नोंदही त्याच आठवड्यात उरकून घ्यावी.

ठाण्याचा सभासद

---

दादा, मनःपूर्वक आभार. कर कापण्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक काढावा लागेल हे कळताच भाडेकरू नाखूष झाले आहेत. काय करावे?

---

ताई, टॅन काढण्याचा आणि तिमाही विवरणपत्राचा सीएचा खर्च आपण देऊ असे त्यांना सांगा, आणि कपातीची अट करारातच लिहा. कर न कापल्यास आयकर विभाग त्यांच्याकडूनच वसुली करू शकतो, हेही त्यांना सौम्य शब्दांत समजावून सांगा. तरीही ते तयार नसतील, तर दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत फ्लॅट आणखी महिनाभर बंद ठेवणे मला योग्य वाटते.