मदत हवी आहे: सरकारी सर्वेक्षणाला उत्तर देणं सक्तीचं असतं का? (घरात दोन तट पडलेत)

सुईदोरा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचक, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या महिन्यात भर दुपारी एक मुलगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात टॅब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडून आलेय, तुमचं घर पीएलएफएससाठी निवडलं गेलंय, म्हणाली. म्हणजे रोजगार-बेरोजगारीचं सर्वेक्षण. सासऱ्यांनी लगेच आत बोलावून पंखा लावला. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, शिक्क्याचा कागद दिसला की त्यांना हुरूप येतो.

सुरुवात बरी झाली. माणसं किती, वयं काय, शिक्षण कुठवर. मग कोण काय काम करतं, कुठे करतं, गेल्या महिन्याचा पगार किती, जमीन आहे का, घरभाडं येतं का, व्याज, पेन्शन, महिन्याचा घरखर्च. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. पगाराच्या प्रश्नाला त्याचं डोकं फिरलं. "इन्कमटॅक्सला सगळं दिलंय, तिकडून घ्या." ती शांतपणे म्हणाली, "सर, ते आमच्याकडे येत नाही." शेवटी त्याने एक आकडा सांगितला. तो खरा नव्हता, हे इथे टोपणनावाने कबूल करते.

आता ती पुन्हा येणार आहे. एकदा नाही, ओळीने चार महिन्यांत एकूण चार वेळा. नवरा म्हणतो दार उघडायचं नाही, कुणीही जबरदस्ती करू शकत नाही. सासरे म्हणतात नोटीस येईल, दंड होईल, आणि आपल्या घराण्यात कुणी सरकारी कामात अडथळा आणलेला नाही. दोघांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या काकू साखर मागायच्या निमित्ताने येऊन गेल्या.

तर, कायद्याने बांधील आहोत का? नाही म्हटलं तर पुढे काय होतं? दिलेली माहिती जाते कुठे?

आणि एक किरकोळ शंका. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा मी आत चहा टाकत होते. नवऱ्याने सांगून टाकलं, "ती घरीच असते." मी घरात पिको-फॉल आणि ब्लाउजची कामं घेते. लग्नसराईत मशीन रात्री साडेअकरापर्यंत चालू असतं. कप घेऊन बाहेर आले तोवर मुलगी पुढच्या प्रश्नावर गेली होती, मीही काही बोलले नाही. ते बदलता येतं का?

रिकामटेकडा

नवरोबांना माझा पाठिंबा. आधार आहे, पॅन आहे, जीएसटी आहे, तरी सरकारला आमच्या घरात डोकवायचंय. "आत्ता वेळ नाही" असं चार वेळा सांगा. चार महिने संपतात, विषय संपतो.

ओटीपीग्रस्त

कायद्याचं जाणकार सांगतीलच. मी दूध पोळल्यामुळे ताक फुंकून पितो, म्हणून एवढंच: ओळखपत्राचा फोटो काढून घ्या, पत्रावरच्या कार्यालयात फोन करून या नावाचं कुणी पाठवलंय का ते विचारा. बँकेचा खाते क्रमांक किंवा ओटीपी या सर्वेक्षणाला लागत नाही. मागितला तर दार लावा आणि पोलिसांना कळवा.

कलमकसाई

ताई, "सरकारी सर्वेक्षण" या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि तुमच्या घरातले दोन्ही पक्ष त्या एकत्र करून भांडतायत.

पहिली जनगणना. तिथे सासरे शंभर टक्के बरोबर. जनगणना अधिनियम १९४८, कलम ८: प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नाला आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणं कायद्याने बंधनकारक. नकार दिला किंवा जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कलम ११ खाली हजार रुपयांपर्यंत दंड. घराला क्रमांक टाकायलाही अडवता येत नाही. सूट आहे ती मजेशीर आहे. त्याच कलम ८ मध्ये लिहिलंय की घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कुणावर नाही, आणि बाईवर नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही. उखाण्याशिवाय नाव न घेणाऱ्या पिढीची सोय कायद्यात करून ठेवली, ती अजून तशीच आहे. आता २०२७ ची जनगणना येतेय, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, त्यात जातही विचारणार आहेत. तेव्हा "दार उघडायचं नाही" हा पवित्रा चालणार नाही.

दुसरा, सांख्यिकी संकलन अधिनियम २००८. १९५३ चा जुना कायदा रद्द करून हा आणला. यात सरकार एखाद्या विषयासाठी अधिसूचना काढतं, सांख्यिकी अधिकारी नेमतं, आणि मग ज्याच्याकडे माहिती मागितली त्याच्यावर ती देण्याचं बंधन येतं. मूळ कायद्यात नकारासाठी व्यक्तीला हजार आणि कंपनीला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. खोट्या माहितीसाठी मात्र सहा महिन्यांपर्यंत साध्या कैदेची तरतूद केली होती. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या लेखी नकारापेक्षा थाप मोठी. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. या कायद्याचा सगळ्यात ठळक वापर कारखान्यांच्या वार्षिक पाहणीसाठी होतो. घरी आलेल्या माणसाला मात्र तिथल्या तिथे दंड वसूल करायचा अधिकार नाही. कुणी पावतीपुस्तक काढलंच तर वर ओटीपीग्रस्त यांनी सांगितलंय ते करा.

तिसरी, ज्यांच्या मागे असं बंधन नाही ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या, एनएफएचएस. तिथे आधी संमती वाचून दाखवतात, आणि नको असलेल्या प्रश्नाला नाही म्हणता येतं.

तुमच्या बाबतीत करायचं एवढंच: तिने दिलेलं पत्र काढा. २००८ च्या कायद्याचं नाव आणि अधिसूचनेचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर तिलाच विचारा, कुठल्या कायद्याखाली आलात. विचारणं उद्धटपणा नाही.

घाटमाथा

@कलमकसाई, मग ते जातीच्या सर्वेक्षणाचं काय? जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे राज्य मागासवर्ग आयोगाचं झालं, तेव्हा शाळेतले सर यादी घेऊन दारोदार फिरत होते. आमच्या मजल्यावर निम्म्यांनी उत्तरं दिली, निम्म्यांनी "नंतर या" केलं. कुणाला काही झालं नाही.

कलमकसाई

ती जनगणना नव्हती, त्यामुळे १९४८ चा कायदा तिथे लागत नाही. शेजारचं उदाहरण ताजं आहे. कर्नाटकात सप्टेंबर २०२५ मध्ये मागासवर्ग आयोगाने घरोघरी सर्वेक्षण सुरू केलं, लोक उच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबरच्या अंतरिम आदेशात न्यायालयाने सर्वेक्षण थांबवलं नाही, पण भाग घेणं ऐच्छिक आहे हे लोकांना स्पष्ट कळवा आणि माहिती गुप्त ठेवा असं बजावलं.

उंबरठे झिजवलेला

उशिरा येतोय, पण हा माझ्याच विषयाचा धागा आहे. नमुना पाहणीत क्षेत्रकाम करून निवृत्त झालो. कागदी अनुसूचीच्या (म्हणजे छापील प्रश्नावलीच्या) काळातला माणूस, २०११-१२ च्या ६८व्या फेरीत रोजगाराची अनुसूची खांद्यावरच्या शबनममध्ये घालून हिंडलोय.

सुईदोरा, नकार दिल्यावर काय होतं ते सांगतो. आमच्या अनुसूचीत एक छोटी चौकट असायची, उत्तर देणारा कसा होता याची. सहकार्य करणारा आणि माहीतगार असेल तर १. सहकार्य करतो पण माहिती नाही तर २, घाईत असेल तर ३, नाखूश असेल तर ४, बाकी सगळे ९. घरी मिळालेला चहा कितीही गोड असला तरी कोड प्रामाणिकपणे टाकायचा. आणि दारच बंद झालं तर दुसरी चौकट: मूळ घर का बदललं? कामात होते, गावाला गेले होते, की सहकार्य केलं नाही. तिथे ३ लिहायचा आणि यादीतलं पर्यायी घर गाठायचं. माझ्या सबंध नोकरीत मी एकाही घरावर खटला झालेला पाहिला नाही. झाला असता तर दुसऱ्या दिवशी त्या आळीत आम्हाला कुणी पाणी विचारलं नसतं.

मग नकाराने बिघडतं काय? एका गावातून किंवा शहरी गटातून १२ घरं निवडतात. तुमचं घर फक्त तुमचं नसतं, तुमच्यासारख्या कित्येक न निवडलेल्या घरांच्या वतीने ते मोजलं जातं. आता बघा, दार कोण लावतं? मोठ्या सोसायट्या, कुत्रं असलेले बंगले, पगार सांगायला लाजणारे. झोपडीत मला कधी कुणी नाही म्हटलं नाही, खुर्ची नव्हती म्हणून डबा पालथा घालून दिला. बदली घर मिळतं खरं, पण ते दार उघडणाऱ्याचं मिळतं. सबंध तक्ता त्या बाजूला कलतो, आणि तो कलंडलेला कुणाला दिसत नाही.

खोटा पगार त्याहून वाईट. नकार निदान कोडमध्ये दिसतो. थाप आकडा होऊन बसते.

रिकामटेकडा

काका, सगळं मान्य. पण उद्या तो टॅब इन्कमटॅक्सवाल्याच्या हातात गेला तर?

उंबरठे झिजवलेला

मला अख्ख्या नोकरीत विचारलेला हा सगळ्यात जुना प्रश्न. पूर्वी रेशनवाल्याची भीती असायची, आता इन्कमटॅक्सची. २००८ च्या कायद्याखाली गोळा केलेली माहिती फक्त सांख्यिकी कामासाठी वापरायची, कलम ९ मध्ये आहे. जनगणनेची नोंद तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, कलम १५. पाहणीची घरनिहाय आकडेवारी अभ्यासकांना मिळते, पण नाव-पत्ता काढून टाकून. तिथे तुमचं घर म्हणजे आकड्यांची एक ओळ. माझं स्वतःचं घर एकदा नमुन्यात आलं होतं, मी ती ओळ शोधायला गेलो आणि हरलो.

तुमची शंका रास्त आहे, उडवून लावत नाही. टॅब, सर्व्हर, कंत्राटी मुलं, हे आमच्या वेळी नव्हतं. म्हणून माहिती कुठे जाते हे त्या मुलीला खुशाल विचारा. फक्त विचारताना तिच्यावर ओरडू नका. तिचा पगार तुमच्या यजमानांनी थापेत सांगितला त्याहून कमी असणार.

आता सुईदोरा, तुमची "किरकोळ शंका". किरकोळ नाही ती, त्या अनुसूचीचा जीव तिथेच आहे. घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं चालतं, प्रत्येकाला गाठणं शक्य नसतं. आणि मग हेच होतं. पुरुष सांगतो "घरीच असते", कसलेला अन्वेषक तिथे थांबतो आणि विचारतो: शिवण? शिकवणी? डबे? गोठा? दुकानात बसता का? चालू आठवड्याच्या पद्धतीत सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासभर जरी काम केलं असेल तरी ती व्यक्ती रोजगारात धरतात. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी सून, तीसुद्धा. तुमची साडेअकरापर्यंतची मशीन तर स्वयंरोजगार आहे, सरळ.

आणि बदलता येतं. पुढच्या फेरीत त्या वेळच्या सात दिवसांबद्दल नव्याने विचारतात, दर दिवसाचे तास विचारतात. तुम्ही समोर बसा. चहा सासऱ्यांना टाकू दे.

घाटमाथा

शेवटच्या वाक्याला +१.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार, आणि हा पुढचा वृत्तांत. इथे येऊन मदत घ्यायची आणि गायब व्हायचं हे मला स्वतःलाच आवडत नाही.

प्रतिसाद छापून काढले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. सासऱ्यांनी पेन घेऊन कलमांखाली रेघा मारल्या. नवऱ्याने "नकारापेक्षा थाप मोठी" दोनदा वाचलं आणि गप्प बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, येऊ दे तिला, पण आधी मी विचारणार.

ती काल आली. त्याने विचारलं, कुठल्या कायद्याखाली, माहिती कुठे जाते, नाही म्हटलं तर काय. ती जरा हसली. "सर, केस वगैरे मी अजून कुणावर केलेली नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तशी नोंद करून पुढे जाईन. मला फक्त अजून एक जिना चढावा लागेल." बाकीचं पत्र उघडून ओळ न् ओळ दाखवलं, कार्यालयाचा नंबर दिला. तोवर तिने पाण्याचा ग्लास हातातच धरला होता, प्यायली नव्हती.

मागच्या वेळी पगार चुकून कमी सांगितला, असं नवरा स्वतःहून म्हणाला. "चुकून" या शब्दावर सासरे खोकले.

मग माझी पाळी. घरीच असता ना, म्हणून ती पुढे जाणार तेवढ्यात मी थांबवलं. शिवणाचं सांगितलं. तिने टॅबवर दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. सोमवारी किती तास? मी बोटांवर मोजायला लागले. सोमवारी चार, मंगळवारी सहा, बुधवारी मशीनचा पट्टा तुटला म्हणून शून्य, गुरुवारी भरपाई करत नऊ. नवरा मध्येच म्हणाला, "नऊ? काहीतरीच." सासरे म्हणाले, "नऊच. मी जागा होतो."

तीस दिवसांची कमाई विचारली तेव्हा मला पटकन सांगता येईना. कुणी साडीचे लगेच देतं, कुणी महिन्याने, काकूंचे तर अजून येणे आहेत. धागा, अस्तर, हुक वजा जाता किती उरले, हे मी कधी मांडलंच नव्हतं. ती थांबली. कपाटातून माझी मापांची वही काढली, मागच्या पानांवर गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा आहेत, त्यावरून बेरीज केली. आकडा इथे सांगत नाही.

अजून दोन खेपा राहिल्यात. वहीत खर्चाचा वेगळा रकाना आखलाय.